मुलांचा स्तूप आणि आम्ही

(संस्थेच्या वर्षावास समाप्ती कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)

 

कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘मुलांच्या उपक्रमाचा अहवाल’ असे छापले आहे. अहवाल म्हटला की किती मुले आली, किती खर्च झाला आणि शेवटी सर्वांचे आभार, एवढे वाचून खाली बसता येते. तसा अहवाल लिहून आणलाही होता. पण या तीन महिन्यांत जे घडले ते त्या कागदात काही मावेना. म्हणून कागद खिशात ठेवून, झाले तसे सांगण्याची परवानगी घेतो. त्यात आमची एक चूकही आहे. ती लपवून ठेवली तर हे भाषण करण्यात अर्थ नाही.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. दर रविवारी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. मोठी माणसे ऐकतात. लहान मुले पहिली दहा मिनिटे शांत बसतात, मग एकमेकांना चिमटे काढतात आणि शेवटी बाहेर जाऊन पावसात चिखल उडवतात. दरवर्षी आपण त्यांना रागावतो. यंदा कार्यकारिणीच्या बैठकीत एका भगिनीने विचारले, “मुलांच्या हाताला काही काम दिलं तर?” तेव्हा आम्हीच उत्साहाने हात वर केला. सांचीच्या महास्तूपाची प्रतिकृती मुलांकडून करून घेऊ आणि आश्विन पौर्णिमेला ती विहारात ठेवू, असे जाहीर करून टाकले. पुठ्ठा, खळ, रंग. चार रविवारात काम संपेल असा आमचा अंदाज होता. प्रत्यक्षात तेरा रविवार लागले.

पहिल्या दिवशी चौदा मुले जमली. आम्ही बँकेत नोकरीला असल्यामुळे दिवसभर नोटा हाताखालून जातात. त्या दिवशी खिशातून दोनशेची पिवळी नोट काढली, मुलांना दिली आणि विचारले, “मागच्या बाजूला काय आहे?” ही नोट 2017 साली चलनात आली आणि तिच्या मागे सांचीचा स्तूप आहे. मुलांनी तो लगेच ओळखला. खरे सांगायचे तर आम्ही ती नोट हजारो वेळा मोजली, पण उलटी करून नीट कधी पाहिली नव्हती. मोजणाऱ्याला आकडा दिसतो, चित्र दिसत नाही.

मग माहिती सांगितली. सांची मध्य प्रदेशात विदिशेजवळ आहे. सम्राट अशोकाच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, तिथे विटांचा मूळ स्तूप झाला. पुढे शुंगांच्या काळात तो दगडाने मढवून मोठा केला गेला. नक्षीदार तोरणे त्यानंतर, सातवाहनांच्या काळात आली. व्यास सुमारे 120 फूट, आणि वरचा कठडा व छत्र सोडून उंची सुमारे 54 फूट. मुलांनी हिशेब केला. एक इंच म्हणजे आठ फूट धरले तर व्यास पंधरा इंच येतो आणि उंची पावणेसात इंच. टेबलावर मावेल असे माप. भाग पाडले, गट पाडले: घुमट म्हणजे अंड, खालचा चौथरा म्हणजे मेधी, वरचा चौकोनी कठडा म्हणजे हर्मिका, तिच्यावर छत्र, भोवतीचा कठडा म्हणजे वेदिका आणि चार दिशांना चार तोरणे.

सर्वांना वाटले की तोरणे अवघड जातील आणि घुमट तर काय, अर्धा चेंडू. झाले उलटेच.

पहिला घुमट पुठ्ठ्याचा केला. सपाट पुठ्ठा वाकवून चेंडू होत नाही, कुठेतरी चुणी पडतेच. हे संत्र्याची साल टेबलावर दाबून मुलांनीच पडताळून पाहिले. साल फाटली, पण सपाट बसली नाही. तेव्हा बारा पाकळ्या कापून जोडायचे ठरले. घेर सुमारे 47 इंच, म्हणून प्रत्येक पाकळी तळाशी चार इंच रुंद आणि वर निमुळती. मुलांनी पट्टीने सरळ रेघा मारून बारा त्रिकोण कापले आणि जोडले. झाली जोकरची टोपी! सारे विहार हसले. चूक कुठे झाली हे आमच्याही लक्षात येईना. एका शिक्षक बंधूंनी फळ्यावर काढून दाखवले. पाकळीची बाजू सरळ असली की शंकू होतो. घुमट हवा असेल तर बाजू फुगीर लागते. पाकळीच्या निम्म्या लांबीवर रुंदी निम्मी, म्हणजे दोन इंच नको. ती पावणेतीन इंचांच्या वर हवी. तसे कापले, तेव्हा आकार आला. पण बारा सांधे बारा दिशांना तोंड करून बसले. पावसाळी हवेने पुठ्ठा मऊ पडला आणि पुढच्या रविवारपर्यंत घुमट एका अंगाला कलला.

दुसरा घुमट लगद्याचा. मोठा फुगा फुगवला आणि त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर भिजवलेल्या वर्तमानपत्राचा लगदा थापला. मुले कोपरापर्यंत लडबडली आणि खुश झाली. त्या दिवशी विहारात जेवढा आनंद पाहिला तेवढा क्वचितच पाहिला असेल. पण श्रावणातला पाऊस! चार दिवसांनी वरची कातडी सुकली होती, आतला लगदा तसाच ओला. फुग्यातली हवा रोज थोडी कमी होत होती. आधार गेला तसा घुमट मधूनच बसला, आणि आठव्या दिवशी त्याच्यावर हिरवट बुरशी धरली. वास येऊ लागला. वंदनेला आलेले लोक नाकाला रुमाल लावू लागले.

तोवर पाच-सहा रविवार गेले होते. बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी सरळ प्रश्न विचारला, “दहावीच्या परीक्षेची मुलं आहेत यात. चिखल कालवायला आपण त्यांना विहारात बोलावतो का? बाजारात तयार प्रतिकृती मिळते, आणून ठेवा आणि मुलांना अभ्यासाला बसवा.” कुणी थर्माकोलचे नाव काढले. 2018 पासून आपल्या राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, ही आठवण दुसऱ्याने करून दिली. आम्ही बोलून बसलो होतो, आता माघार कशी घ्यायची? मनात ठरवले की यात काही करून दाखवायचे.

इथे ती चूक झाली. एका शुक्रवारी बँकेतून येताना दुकानातून प्लास्टिकचा मोठा गोल टब आणला. रात्री घरी तो उपडा ठेवून त्याच्यावर कागद चिकटवला, मातकट रंग दिला, वर काड्यांची हर्मिका बसवली. पहाटे दोनला काम संपले. रविवारी सकाळी मुले येण्याआधी तो टेबलावर मांडला. मुलांचा बसलेला, बुरशी आलेला घुमट उचलला आणि कचऱ्याच्या पेटीत टाकला. आम्हाला वाटले, मुले टाळ्या वाजवतील.

मुले गप्प राहिली. सहावीतली एक मुलगी टेबलाभोवती फिरली आणि म्हणाली, “काका, हा तुमचा स्तूप आहे. आमचा कुठंय?” आम्ही काही उत्तर देण्याआधीच तिला पेटीत तो दिसला. ती रडली नाही, भांडली नाही. हात धुऊन घरी गेली आणि पुढचे दोन रविवार आली नाही. तिच्यामागोमाग आणखी चार-पाच मुले यायची थांबली. जी आली ती रंग देऊ का, पाणी आणू का, असे विचारत उभी राहू लागली. म्हणजे आम्ही सांगू तेवढेच करू लागली.

मित्रहो, आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वाचलेले पुष्कळ. मुलांना धम्म शिकवायचा म्हणजे काय, यावर आम्ही याच मंचावरून भाषणे केली आहेत. ‘स्वयंप्रकाशित व्हा’ हे वाक्य या भिंतीवर लिहिले आहे. त्याच भिंतीखाली उभे राहून आम्ही मुलांच्या हातातले काम काढून घेतले, आणि ते त्यांच्याच भल्याचे आहे असे मानले. मोठी माणसे लहानांच्या बाबतीत नेहमी असेच म्हणत आली आहेत. आपल्या समाजाच्या बाबतीतही इतरांनी हेच म्हटले होते: तुम्हाला जमायचे नाही, आम्ही करून देतो.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. आई कामावर गेली होती. घरात आजी होत्या. त्यांनी आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे बांधकामावर घमेले वाहिले आहे. आपल्या विहाराचा स्लॅब पडला तेव्हाही त्या कामावर होत्या, हे आम्हाला त्या दिवशी कळले. दर पौर्णिमेला त्या येतात आणि मागच्या भिंतीला टेकून बसतात. त्यांना मंचावर बोलावण्याचे आमच्या कुणाच्या डोक्यात आजवर आले नाही.

“जयभीम आजी, नातीची माफी मागायला आलोय,” म्हटल्यावर त्या हसल्या. “पोरीची माफी? बसा, पानी घ्या.” मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती. आम्ही सगळी हकिकत सांगितली. फुग्याचे ऐकून आजींनी कपाळाला हात लावला. “आवो साहेब, फुग्यावर कुटं लगदा बसतोय व्हय? वलं तसंच लिपलं आसंल. पिळून घेतलंच नसंल. आन् एकदम बोटभर जाड!” आम्ही मान हलवली. “आमच्या गावाला बाया कागदाच्या टोपल्या करायच्या. कागूद दोन दिस भिजवायचा, उखळात कुटायचा. मेथी भिजवून वाटून घालायची, म्हंजी चिकटतंय बी आन् कीड बी लागत न्हाई. मग पातेलं उपडं घालायचं, त्याच्यावर थापायचं. भाकरीएवढा पातळ थर. वाळला की दुसरा.”

आम्ही विचारले, “आजी, विहारात येऊन मुलांना दाखवाल का?”

आजींचा चेहरा बदलला. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “साहेब, राग नका मानू. मी घमेलं वाह्यलं ते हिनं वाहू नये म्हणून. हिच्या हातात पुस्तक ऱ्हावं. बाबासायबांनी शिका म्हनलं. तुमी शिकलेली मानसं, आन् पोरांला पुन्हा चिखलात घालता?”

हा प्रश्न बैठकीतल्या ज्येष्ठ सभासदांचाच होता. फक्त तो ज्यांनी विचारला त्यांच्या डोक्यावर घट्टे होते. यावर आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. आजही ते पूर्ण आहे असे वाटत नाही. पण त्या वेळी जे सुचले ते सांगतो.

आपल्या आधीच्या पिढ्यांची कामे त्यांनी निवडलेली नव्हती. ती जन्माबरोबर गळ्यात बांधली होती. 1936 साली प्रसिद्ध झालेल्या ‘जातिनिर्मूलन’ या विषयावरील आपल्या लेखनात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था म्हणजे नुसती कामाची वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावून केलेली वाटणी आहे. ज्या कामात मान नाही, निवड नाही, ते सोडा हे त्यांनी सांगितले, आणि ते सोडले म्हणूनच आम्ही आज बँकेच्या खुर्चीवर बसतो. आजींचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. मात्र लादलेले काम सोडताना आपण हाताचे कसबही त्याच्याबरोबर उकिरड्यावर टाकले का, याचा विचार करण्याची वेळ आली आहे. हात घाण झाले की आपली मान आपोआप खाली जाते. मूल मातीत खेळले की आपण ओरडतो. त्यात स्वच्छतेचा आग्रह किती आणि जुनी भीती किती? ती भीती आपली आहे, मुलांची नाही. ती त्यांच्यावर कशाला लादायची?

हे सगळे त्या दिवशी आजींना इतक्या शिस्तीत सांगता आले नाही. अडखळत सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि नातीकडे पाहिले. मुलगी म्हणाली, “आजे, अभ्यास करून करीन.” आजी उठल्या, मोरीच्या मागून एक जुने लोखंडी घमेले काढले आणि आमच्यापुढे ठेवले. “ह्याला बुडाला भोक हाय. वाळू गळती म्हणून टाकलं व्हतं. उपडं घालायला काय हुतंय!”

पुढच्या रविवारी आजी विहारात आल्या. या वेळी मागच्या भिंतीला टेकल्या नाहीत, मुलांच्या मधोमध बसल्या. घमेले मोजले तर सोळा इंच भरले. आमचे माप पंधराचे. घमेले काही लहान होणार नव्हते, म्हणून मुलांनी प्रमाणच बदलले. एका इंचाला साडेसात फूट. उंची आता सव्वासात इंचांच्या जवळ आली. घमेल्याची खोली पाच इंच आणि खाली दोन इंचांची मेधी. बेरीज जवळपास जमली. बँकेत एवढा फरक चालत नाही, इथे चालवून घेतला!

दुसरी गंमत नववीतल्या एका मुलाच्या लक्षात आली. नोट आणि छायाचित्र शेजारी ठेवून तो म्हणाला, “काका, हा अर्धा चेंडू नाहीच. वरून चपटा आहे.” खरेच आहे. सांचीचे अंड माथ्यावर सपाट आहे, तिथेच तर हर्मिका बसते. दोन महिने आम्ही नसलेला आकार करण्याची धडपड करत होतो. चपट्या बुडाचे घमेले मात्र त्याला अगदी जुळून आले.

आजींनी घमेल्यावर ओले सुती फडके पसरले, म्हणजे सुटून येताना ओढता यावे. लगदा पिळून कोरडा केला, त्यात वाटलेली मेथी मळली. पोळीसारखा थर थापला आणि ताकीद दिली, “आता याला कुनी हात लावायचा न्हाई.” वाळवण्याचा प्रश्न होताच. वीजतंत्री असलेल्या एका बंधूंनी घमेले चार विटांवर उचलले आणि खाली जुन्या पद्धतीचा शंभर वॅटचा बल्ब लावला. लोखंड कोमट राहिले, थर आतूनही सुकला. बल्ब लावलेला असताना एक मोठे माणूस तिथे बसेल, असा नियम केला. आमची पाळी आली तेव्हा आम्ही पुस्तक घेऊन बसलो. हात लावायचा मोह चार वेळा झाला. लावला नाही. तीन थरांना तीन आठवडे लागले. चौथ्या रविवारी चार मुलांनी फडक्याची चार टोके धरून ओढली आणि घुमट अखंड सुटून आला. त्या वेळी टाळ्या वाजल्या, आणि त्या कुणी सांगून वाजवल्या नव्हत्या.

वाट पाहण्याच्या त्या आठवड्यांत बाकीचे गट थांबले नाहीत. वेदिकेच्या गटाने खराट्याच्या काड्या डिंकाने चिकटवल्या होत्या, त्या सारख्या निखळत. सांचीचा कठडा पाहिला तर उभ्या खांबांना खाचा आहेत आणि आडव्या दगडी पट्ट्या त्या खाचांत बसवल्या आहेत. लाकडाच्या सुतारकामाची रीत कारागिरांनी जशीच्या तशी दगडात उतरवली आहे. मुलांनी आइस्क्रीमच्या काड्यांना भोके पाडून त्यांत आडव्या काड्या घातल्या. डिंकाचा थेंबही न लावता कठडा उभा राहिला. तोरणाच्या गटाला तोरणावर भगवान बुद्धांची मूर्ती हवी होती. सांचीच्या तोरणांवर बुद्ध मानवी रूपात कोरलेले नाहीत, बोधिवृक्ष, धम्मचक्र, पावले, रिकामे आसन अशा खुणांनी ते दाखवले आहेत, हे सांगितल्यावर एका मुलाने रिकामे आसन काढले आणि विचारले, “मग इथं ते आहेत हे कसं कळणार?” दुसरा म्हणाला, “बाकीचे लोक हात जोडून बघतायत ना, त्यावरून.” यावर आम्ही काय बोलणार?

सर्वांत लहान मुलाचा प्रश्न होता, “आत काय आहे?” सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, भक्त बाहेरून, स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा करतात. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे, तिथे आपण आत जाऊन बसू शकतो. 18 डिसेंबर 2001 रोजी त्याचे उद्घाटन झाले. हे ऐकून तो म्हणाला, “म्हणजे आपला बाहेरून सांची आणि आतून दीक्षाभूमी!” अध्यक्ष महोदय, संस्थेच्या पुढच्या पत्रकात हे वाक्य घ्यायला हरकत नाही.

मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हालाही धीर देऊन गेली. 1818 साली एका इंग्रज अधिकाऱ्याने सांचीची नोंद केली तेव्हा महास्तूप बराच शाबूत होता. 1822 साली आत काही मिळेल या हव्यासाने तो एका बाजूने वरपासून खालपर्यंत फोडला गेला. फोडायला वेळ लागला नाही. पुढे जॉन मार्शल यांच्या देखरेखीखाली 1912 ते 1919 या काळात त्याची दुरुस्ती झाली, म्हणजे सात वर्षे लागली. आज जो स्तूप आपण पाहतो, जो 1989 साली जागतिक वारशाच्या यादीत गेला, तो या सात वर्षांच्या चिकाटीमुळे उभा आहे. आमच्या घाईने जो घुमट पेटीत गेला त्याची भरपाई तेरा रविवारात झाली, हे त्या मानाने स्वस्तच म्हणायचे.

शेवटी प्रश्न आला पाटीचा. प्रतिकृतीपुढे एक पाटी ठेवायची होती. रिवाजाप्रमाणे संस्थेचे नाव, अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि ‘मार्गदर्शक’ म्हणून आमचे नाव असा मसुदा तयार झाला. तो मुलांना वाचून दाखवला. त्याआधीच्या आठवड्यात आम्हीच त्यांना सांचीच्या लेखांविषयी सांगितले होते. तिथल्या दगडांवर शेकडो दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, व्यापारी आहेत, साध्या गृहिणीही आहेत. दक्षिण तोरणावर लिहिले आहे की हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी केले. त्याच तोरणावर सातवाहन राजा सातकर्णी याच्या कारागिरांचा प्रमुख असलेल्या आनंद नावाच्या माणसाचे नाव दान देणारा म्हणून आहे. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे राजघराणे. दोन हजार वर्षे झाली. त्या काळच्या किती धनवानांची नावे पुसली गेली, पण त्या कारागिराचे नाव राहिले.

मुलांनी हे लक्षात ठेवले होते. मसुदा ऐकून ती सहावीतली मुलगीच म्हणाली, “काका, ज्यांनी केलं त्यांची नावं लिहायची ना?” मग मुलांनी स्वतः पाटी लिहिली. चौदा नावे आहेत. मध्यंतरी यायची थांबलेली मुलेही त्यांत आहेत, कारण पेटीत गेलेला घुमटही त्यांनीच केला होता, असे मुलांचे म्हणणे पडले. सर्वांत वर आजींचे नाव आहे आणि त्यापुढे ‘कारागिरांच्या प्रमुख’ असे लिहिले आहे. आजींना वाचता येत नाही. नातीने बोट ठेवून वाचून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “घमेल्याचं बी लिवा की.” तेही शेवटच्या ओळीत आहे. आमचे नाव पाटीवर नाही, आणि ते योग्यच आहे. आजींचे नाव आम्ही इथून पुकारत नाही. प्रतिकृती मागच्या टेबलावर आहे. जाताना प्रत्येकाने थांबून ते मुलांच्या अक्षरात वाचावे.

आता दोन शब्द विनंतीचे, आणि आपली रजा घेतो.

विद्यार्थी मित्रांनो, शिक्षण सोडू नका. घमेले उपडे घालून त्यावर स्तूप करता आला तो मापे काढता आली म्हणून. गणित, इतिहास आणि आजींचे कसब ही तिन्ही एकत्र आली म्हणून. यातले एकही कमी असते तर आज टेबलावर आमचा प्लास्टिकचा टब असता. स्तूप थोडा वाकडा आहे. उत्तरेचे तोरण किंचित झुकले आहे. पाहुण्यांनी विचारले तर लाजू नका, ते का झुकले हे तुम्हाला ठाऊक आहे. तयार प्रतिकृती विकत घेणाऱ्याला ते सांगता येणार नाही.

आणि पालकहो, कार्यकर्ते बंधूंनो, आपल्या विहाराच्या मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्यांत गवंडी आहेत, गोधडी शिवणाऱ्या माता आहेत, वेताचे विणकाम जाणणारे वडीलधारे आहेत. ती कामे त्यांच्यावर लादली गेली हा अन्याय होता, आणि तो विसरायचा नाही. पण त्यांच्या हातांना जे समजते ते ज्ञान आहे, आणि ते त्यांच्याबरोबर संपू द्यायचे नाही. पुढच्या वर्षावासात दर महिन्याचा एक रविवार अशा एका ज्येष्ठासाठी ठेवावा, त्यांना समोर बसवावे आणि मुलांनी त्यांच्याकडून शिकावे, असा ठराव आम्ही या सभेपुढे मांडतो. अनुमोदन मुलांनी द्यावे, कारण काम त्यांनाच करायचे आहे. आपण मोठ्यांनी जवळ बसावे, बल्बकडे लक्ष ठेवावे आणि हात मागे घ्यावेत.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. 

नमो बुद्धाय! जयभीम!